काचपेटीतला समुद्र : कोणता मासा कोणासोबत नांदतो?

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरात, दिवाणखान्यातील काचेच्या पेटीत प्रवाळ बेटांवरचे रंगीबेरंगी मासे ठेवण्याचा छंद आता नवलाईचा राहिलेला नाही. पंप, दिवे, मीठ आणि मासे हे सारे विकत मिळते. मात्र कोणता मासा कोणासोबत ठेवावा, आणि शेवाळ व उरलेले अन्न खाऊन पेटी स्वच्छ ठेवणारे प्राणी कोणते व किती घ्यावेत, हा निर्णय विकत मिळत नाही. पेटी बिघडली की दोष सहसा पाण्याला दिला जातो. पुष्कळदा तो दोष पहिल्याच दिवशी केलेल्या निवडीत दडलेला असतो.

बंगळूरुच्या मल्लेश्वरम भागाचे उदाहरण घेता येईल. मराठी वाचकांना हा भाग काडू मल्लेश्वर मंदिरामुळे ठाऊक असेल. या देवस्थानाशी शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे नाव जोडले जाते. समुद्राचा निळा रंग हे निव्वळ आकाशाचे प्रतिबिंब नसून पाण्याच्या रेणूंनी केलेल्या प्रकाशाच्या विकिरणामुळे तो दिसतो, असे १९२१ च्या सागरप्रवासानंतर मांडणारे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे घरही मल्लेश्वरममध्येच आहे. याखेरीज समुद्राशी या भागाचा संबंध नाही. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर असून जवळचा किनारा पूर्वेला चेन्नईचा आणि पश्चिमेला मंगळूरुचा. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयासमोर रस्त्यापलीकडे अरबी समुद्र होता. मल्लेश्वरममध्ये पेटी मांडणाऱ्याला समुद्र पिंपात कालवावा लागतो.

पाण्याचा हिशेब आधी

माशांची निवड करण्यापूर्वी पेटीत किती जीव राहू शकतात हे ठरवावे लागते, आणि ते पाण्यावर अवलंबून असते. चार फूट लांबीची, बाहेरून ३०० लिटरची वाटणारी पेटी दगड आणि वाळू घातल्यावर जेमतेम अडीचशे लिटर पाणी धरते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे पहिल्याच भरणीला नऊ किलोच्या आसपास खास मत्स्यालयासाठी बनविलेले मीठ लागते. स्वयंपाकघरातील मीठ येथे चालत नाही, कारण समुद्रात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचेही क्षार असतात आणि शंख-कोळंबीला कवच बांधण्यासाठी ते लागतात.

बंगळूरुत नळाला कावेरीचे पाणी येते आणि ते कमी पडेल तेथे कूपनलिका किंवा टँकर. कूपनलिकेच्या पाण्यात नायट्रेट आणि इतर क्षार अधिक असू शकतात व तेच पुढे शेवाळाचे खत होते. म्हणून छंदिष्ट मंडळी आरओ यंत्राचे पाणी वापरतात. घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. २०२४ च्या उन्हाळ्यात शहराने पाणीटंचाई अनुभवल्यानंतर ही बाब क्षुल्लक म्हणता येणार नाही. बाहेर पडणारे ते पाणी फरशी पुसण्यासाठी साठवणे हा त्यावरचा साधा उपाय होय.

उंचीचाही एक परिणाम होतो आणि परदेशी पुस्तकांत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. पंचवीस अंश सेल्सियस तापमानाला समुद्रसपाटीवर गोड्या पाण्याच्या एका लिटरात सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तेच पाणी समुद्राइतके खारे केले तर हा आकडा ६.७ च्या आसपास उतरतो. बंगळूरुच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे दहा टक्के कमी असल्याने तो आणखी घटून सहावर येतो. मासे तेवढ्यावर व्यवस्थित जगतात. परंतु दाटीवाटी केली आणि रात्री वीज गेली, तर किनाऱ्यावरील पेटीपेक्षा येथील पेटी लवकर गुदमरते. पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता ठेवणे आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ बाळगणे म्हणूनच आवश्यक ठरते.

हवामान मात्र मल्लेश्वरमच्या बाजूचे आहे. एप्रिलमध्ये पारा चौतीस-पस्तीस अंशांवर गेला तरी हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्यावर लहान पंखा फिरवला की बाष्पीभवनाने पेटी दोन-तीन अंशांनी थंड होते. मुंबईच्या दमट हवेत हा पंखा फारसा उपयोगी पडत नाही. याउलट डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान सोळा अंशांच्या खाली जाते, तेव्हा हीटर लागतो. पेटीतील तापमान २४ ते २७ अंशांच्या दरम्यान आणि शक्यतो स्थिर असावे.

लहानपणीचे रूप फसवे

दुकानातील टाकीत दिसणारा मासा बहुधा पोरवयातला असतो. तेथे तो शांतपणे दहा जणांसोबत पोहतो, कारण त्या गर्दीत कोणालाच आपली हद्द आखता येत नाही. घरच्या पेटीत जागा मिळाली आणि वय वाढले की तोच मासा वेगळा वागू लागतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डॅमसेल. भारतीय समुद्रात तो आढळतो, स्वस्त मिळतो आणि काटक असतो. या काटकपणामुळेच नवी पेटी ‘तयार’ करण्यासाठी आधी दोन-चार डॅमसेल सोडण्याची जुनी पद्धत पडली. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू पेटीत वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ डॅमसेलने विषारी पाण्यात काढावा, अशी अपेक्षा असे. हे क्रूर तर आहेच, शिवाय अंगाशी येणारे आहे. त्यातून वाचलेला डॅमसेल पेटीचा पहिला रहिवासी ठरतो, बारा-तेरा सेंटिमीटरचा होतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला हुसकावून लावतो. दगडांच्या कपारीत लपलेला हा मासा पुढे बाहेर काढायचा तर अवघी पेटी रिकामी करावी लागते. जिवाणू वाढविण्यासाठी माशाची गरजच नाही. अमोनियाचे मोजके थेंब किंवा माशांच्या खाद्याची चिमूट पुरते.

निळ्या टँगची कथा अशीच आहे. २००३ साली ‘फाइंडिंग नेमो’ आणि २०१६ साली ‘फाइंडिंग डोरी’ हे चित्रपट आले व मुलांच्या हट्टात क्लाऊनफिशबरोबर या माशाचाही समावेश झाला. तळहातात मावेल एवढा विकला जाणारा हा मासा पूर्ण वाढीअंती ३० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि मोकळ्या पाण्यात लांब अंतर पोहणे हा त्याचा स्वभाव आहे. चार फुटांच्या पेटीत तो वळता वळताच दमतो. अशा पेटीसाठी कोणताही टँग घेऊ नये, असे स्पष्टच म्हटलेले बरे.

क्लाऊनफिश मात्र घरगुती पेटीला खरोखर साजेसा आहे. तो दहा-अकरा सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, फार भटकत नाही आणि पेटीत दीर्घकाळ, कधी वीस वर्षांहूनही अधिक जगतो. त्याच्या कुटुंबाची रचना समजून घेतली तर निवड सोपी होते. क्लाऊनफिश आधी नर असतात. समूहातील सर्वांत मोठा व वरचढ मासा मादी होतो, दुसरा तिचा जोडीदार नर होतो आणि बाकीचे लहानच राहतात. म्हणून एक मोठा आणि एक लहान अशी दोन पिल्ले घेतल्यास त्यांची जोडी सहसा जमते. हौसेने तिसरा आणला तर जोडी जमल्यावर त्याची गत वाईट होते. ऑसेलारिस ही जात सर्वांत शांत. लालसर-तपकिरी मरून क्लाऊनफिशची मादी मात्र पेटीतील इतरांचे जगणे कठीण करू शकते. दोन वेगळ्या जातींचे क्लाऊनफिश एका लहान पेटीत ठेवू नयेत.

क्लाऊनफिशसाठी समुद्रफूल हवेच, हा समज चित्रांवरून झालेला आहे. समुद्रात शत्रूंपासून संरक्षणासाठी त्याला समुद्रफुलाच्या विषारी दोऱ्यांचा आसरा लागतो. पेटीत शत्रूच नसतो. समुद्रफुलाला तीव्र प्रकाश आणि जुने, स्थिरावलेले पाणी लागते. ते जागा बदलत सरकते, पंपाच्या तोंडात सापडते आणि मेले की एका रात्रीत अख्खे पाणी नासवते.

सोबती निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : तोंड, हद्द आणि आहार. ज्याच्या तोंडात जो मावतो तो त्याचे भक्ष्य, हा समुद्राचा नियम पेटीतही लागू असतो. लायनफिश दुसऱ्या माशाशी भांडत नाही, तो त्याला गिळतो. त्याचे काटे विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरात तो नकोच. ट्रिगरफिश आणि केंड यांचे दात कवच फोडण्यासाठीच घडलेले आहेत. त्यांच्या पेटीत शंख, खेकडे, कोळंबी ठेवणे म्हणजे त्यांना महाग खाऊ घालणे होय.

हद्दीची भांडणे बहुधा सारख्या आकाराच्या, सारख्या रंगाच्या आणि एकाच थरात राहणाऱ्या माशांत होतात. त्यामुळे वेगवेगळ्या थरांतील मासे निवडणे शहाणपणाचे. तळाशी गोबी, दगडांच्या कपारीत ब्लेनी, मध्यावर कार्डिनल, वरच्या भागात क्लाऊनफिश, अशी वाटणी केली तर प्रत्येकाला आपले अंगण मिळते. गोबींच्या काही जाती पिस्तूल कोळंबीसोबत एकाच बिळात राहतात. कोळंबीची नजर अधू असते, ती बीळ खणते. गोबी दारात पहारा देतो आणि धोका दिसताच शेपटी हलवून तिला सूचना देतो. कोळंबीची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. महागड्या माशापेक्षा हे दृश्य पाहणाऱ्याला अधिक खिळवून ठेवते. फायरफिश हा आणखी एक शांत मासा, पण तो दचकला की उडी मारतो. पेटीवर जाळीचे झाकण नसेल तर तो सकाळी फरशीवर सापडेल.

आहाराच्या बाबतीत सौंदर्याला भुलून सर्वाधिक चुका होतात. फुलपाखरू माशांच्या अनेक जाती जिवंत प्रवाळांवर जगतात आणि दुसरे अन्न ओळखतच नाहीत. नक्षीदार मँडरिन मासा दिवसभर दगडांवरचे सूक्ष्म जीव टिपत असतो. लहान पेटीतील असे जीव काही आठवड्यांत संपतात आणि तो हळूहळू वाळत जातो. असे मासे आजारी दिसत नाहीत, भांडत नाहीत, फक्त बारीक होत जातात. दुकानदाराला ‘हा काय खातो?’ असे विचारण्यापेक्षा ‘आता खाऊन दाखवतो का?’ असे विचारावे. जो मासा दुकानात डोळ्यांदेखत खात नाही, तो घरी आणू नये.

या हिशेबाने अडीचशे लिटर पाण्यात क्लाऊनफिशची जोडी, एक-दोन कार्डिनल, एक गोबी आणि एक फायरफिश एवढे पाच-सहा मासे पुरेसे आहेत. पेटी रिकामी वाटेल. तशीच ती वाटली पाहिजे.

सफाई पथकाची भूक

मासे सोडल्यानंतर काही आठवड्यांतच काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर दिसू लागतो व मालक घाईघाईने ‘सफाई पथक’ आणायला निघतो. शंख, साधू खेकडे, कोळंबी, तारामासे अशा प्राण्यांच्या या जथ्याला परदेशी छंदिष्टांनी हे नाव दिले आणि ते सर्वत्र रूढ झाले. नाव सोयीचे असले तरी दिशाभूल करणारे आहे. हे प्राणी कामावर ठेवलेले नोकर नसून त्यांना स्वतःची भूक आहे. शेवाळ संपल्यावर ते दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. शेवाळ खाल्ल्यावर त्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट नाहीसे होत नाही, ते विष्ठेच्या रूपाने पाण्यातच परत येते. पेटीबाहेर ते नेतात पाण्याचा बदल, गाळणी आणि मालकाचे हात. जास्त खाद्य टाकून वर शंख वाढविणे म्हणजे खर्च वाढवून कचरा तेवढाच ठेवणे.

नव्या पेटीतील तो तपकिरी थर बहुधा डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींचा असतो. पाण्यातील सिलिकेट संपले की तो काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्याच्यासाठी पन्नास शंख आणले, तर थर गेल्यावर ते पन्नास शंख उपाशी मरतात आणि त्यांच्या कुजण्याने पाण्यात अमोनिया वाढतो. परदेशात ‘एका गॅलनला एक प्राणी’ असा ठोकताळा प्रचलित होता. त्या मापाने अडीचशे लिटरला पासष्ट प्राणी होतात. प्रत्यक्षात आठ-दहा शंखांपासून सुरुवात करावी आणि शेवाळ त्यांना आवरत नसेल तरच थोडे वाढवावेत.

सारे शंख एकच काम करीत नाहीत. काच आणि दगड खरवडणारे शंख वेगळे, वाळूत शिरून ती उलथणारे लांबट सेरिथ शंख वेगळे. नॅसॅरियस हा शंख शेवाळाला तोंडही लावत नाही. तो वाळूत दडून राहतो आणि अन्नाचा वास येताच सोंड वर काढून बाहेर येतो. उरलेले खाद्य आणि मेलेला मासा हे त्याचे जेवण. शेवाळासाठी नॅसॅरियस विकत घेणारे आणि मग त्याला आळशी म्हणणारे पुष्कळ आहेत. अॅस्ट्रिया जातीचा शंख पाठीवर पडला तर त्याला स्वतःहून उलटता येत नाही. रोज सकाळी पेटीत हात घालून त्याला सरळ करण्याची तयारी असेल त्यानेच तो घ्यावा.

साधू खेकडा मुलांना फार आवडतो. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा हा खेकडा वाढत गेला की मोठे घर शोधतो आणि पेटीत रिकामे घर नसेल तर राहत्या शंखाच्या मालकाला मारून त्याचे घर बळकावतो. निरनिराळ्या मापांचे रिकामे शंख वाळूत टाकून ठेवल्यास हे प्रकार कमी होतात, थांबतात असे नाही. शंख जपायचे असतील तर साधू खेकडे दोन-चारच असावेत, किंवा नसावेतच.

पांढरा पट्टा पाठीवर मिरवणारी लाल स्वच्छक कोळंबी माशांच्या अंगावरील मृत त्वचा आणि परोपजीवी टिपते. दोन-तीन एकत्र ठेवता येतात. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, लांब नांग्यांची कोळंबी भारतीय किनाऱ्यांवर सर्रास आढळते, पण ती आपल्या जोडीदाराखेरीज इतर कोळंब्यांना सहन करीत नाही. या दोन जाती एकत्र ठेवू नयेत. स्वच्छक रास हा निळसर चिमुकला मासाही समुद्रात हेच काम करतो. दिवसभर अनेक माशांच्या अंगावरचे अन्न मिळाले तरच त्याचे भागते. पाच-सहा माशांच्या पेटीत त्याची उपासमार होते, म्हणून त्याच्या नावाला भुलू नये.

तारामाशांविषयीही सावधच राहावे. वाळू चाळणारा तारामासा वाळूतील सूक्ष्म जीव खातो, म्हणजे ज्या जीवांमुळे वाळू जिवंत राहते तेच संपवतो आणि मग स्वतः विरघळल्यासारखा झिजून मरतो. हिरवा ब्रिटल स्टार मोठा झाला की रात्री निजलेल्या लहान माशांवर झडप घालतो.

गोकर्ण, कारवार, मालवणच्या सहलीहून येताना बाटलीत भरून शंख आणि खेकडे आणण्याचा मोह अनेकांना होतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील या प्राण्यांची जात सामान्य माणसाला ओळखता येत नाही. त्यांत मांसाहारी शंख असतात, ते पेटीतील इतर शंखांना पोखरतात. त्यांत कोनस कुळातील देखणे शंखही असू शकतात. या कुळाचा दंश विषारी असून काही जातींचा दंश माणसाचा जीव घेऊ शकतो. जिवंत शंख हातात घेऊन पाहण्याची सवय म्हणूनच धोक्याची आहे.

परदेशी यादी आणि भारतीय कायदा

येथे एक अडचण भारतीय वाचकापुढे उभी राहते. अमेरिका किंवा युरोपातील पुस्तकांत सफाई पथकाची जी यादी दिलेली असते, तिच्यातील काही प्राणी भारतात बाळगता येत नाहीत. वाळू स्वच्छ करण्यासाठी तेथे समुद्रकाकडीची शिफारस केली जाते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली समुद्रकाकडीच्या सर्व जातींचा समावेश करण्यात आला. त्याच वर्षी समुद्रघोडे, दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि महाकाय शिंपल्यांच्या जाती यांनाही हे सर्वोच्च संरक्षण मिळाले. ट्रोकस नायलोटिकस आणि टर्बो मार्मोरॅटस हे मोठे शंखही तेव्हा संरक्षित यादीत घेतले गेले. परदेशी यादीत ‘ट्रोकस’ आणि ‘टर्बो’ ही नावे सर्रास दिसतात, तेव्हा जात नेमकी कोणती हे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. समुद्रकाकडी आणि प्रवाळ पहिल्या अनुसूचीतच आहेत.

समुद्रकाकडी टाळण्याचे कायद्यापलीकडचेही एक कारण आहे. ती पेटीत मेली किंवा पंपात अडकून फाटली, तर तिच्या अंगातील विषारी द्रव्याने सारे मासे दगावू शकतात.

‘जिवंत दगड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूचाही विचार येथेच करायला हवा. समुद्रातून काढलेला हा दगड म्हणजे बहुधा प्रवाळांचा सांगाडा असतो, आणि भारतीय समुद्रातून प्रवाळ जिवंत अथवा मृत स्वरूपात काढणे गुन्हा आहे. त्याऐवजी भाजलेल्या मातीचे, सिमेंटचे किंवा खाणीतील चुनखडीचे सच्छिद्र दगड वापरता येतात. त्यांवर जिवाणू वसायला थोडा अधिक वेळ लागतो, एवढाच फरक.

माशांविषयीचा कायदा एकदा कडक होऊन पुन्हा सैल झाला. २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने मत्स्यालय-दुकानांसाठी प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नियम जारी केले. क्लाऊनफिश, फुलपाखरू मासे यांसह दीडशेहून अधिक जातींच्या विक्रीवर त्यांत निर्बंध होते. व्यावसायिकांच्या विरोधानंतर ते मागे घेण्यात आले. त्यामुळे मासा कोठून आला हे विचारण्याची जबाबदारी बरीचशी ग्राहकावरच येऊन पडली आहे.

हा प्रश्न केवळ नैतिक नाही. फिलिपीन्स आणि इंडोनेशियात १९६० च्या दशकापासून सायनाइड फवारून प्रवाळांतील मासे गुंगवून पकडण्याची पद्धत फोफावली. त्यात आसपासचे प्रवाळ मरतात. मासा दुकानात तरतरीत दिसतो आणि पुष्कळदा काही आठवड्यांत कारण न कळता दगावतो. याउलट उबवणी केंद्रात जन्मलेला मासा पहिल्यापासून पेटीतले पाणी, तयार खाद्य आणि माणसाची चाहूल यांना सरावलेला असतो. भारतात अशा माशांची सोय आहे. कोचीस्थित केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने तमिळनाडूतील मंडपम आणि केरळमधील विळिंजम येथील आपल्या केंद्रांत क्लाऊनफिश आणि डॅमसेल यांच्या अनेक जातींच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. महाराष्ट्रात नवी मुंबईतील ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठानाने क्लाऊनफिशचे उबवणी केंद्र उभारले. जो मासा भारतातच पैदा होतो, त्यासाठी समुद्रातील मासा विकत घेण्याचे कारण उरत नाही.

कोण आधी, कोण नंतर

योग्य प्राणी निवडूनही क्रम चुकला तर भांडणे होतात. पेटीत जो आधी येतो तो ती आपली मानतो. म्हणून भित्रे मासे आधी आणि धीट मासे शेवटी सोडावेत. गोबी व फायरफिश प्रथम, मग कार्डिनल आणि सर्वांत शेवटी क्लाऊनफिश. दोन खेपांत निदान तीन आठवड्यांचे अंतर असावे, म्हणजे वाढलेला कचरा पचविण्याइतके जिवाणू तयार होतात. शंख आणि कोळंबी यांना नव्या पेटीत घाई करू नये. क्षारतेतील अचानक बदल माशांपेक्षा त्यांना अधिक जाचतो. पिशवीतील पाण्यात पेटीचे पाणी थेंब थेंब सोडून तास-दीड तासाने त्यांना आत सोडावे.

प्रत्येक नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवणे हा नियम बहुतेकांना जाचक वाटतो आणि बहुतेक जण तो मोडतात. सागरी माशांना अंगावर पांढरे दाणे उठवणारा क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परोपजीवी रोग होतो. त्यावर तांब्याचे औषध चालते. पण तेच तांबे अत्यल्प प्रमाणातही शंख, खेकडे, कोळंबी आणि समुद्रफूल यांना मारते आणि दगड-वाळूत शोषले जाऊन पुढे दीर्घकाळ पाण्यात उतरत राहते. म्हणजे मासे आणि सफाई पथक एकाच पेटीत असताना माशांवर तेथे उपचार करता येत नाहीत. मग सारे मासे बाहेर काढून मुख्य पेटी दोन ते अडीच महिने माशांविना ठेवावी लागते, तेव्हा परोपजीवी उपासमारीने संपतात. मल्लेश्वरमच्या एखाद्या सदनिकेत दुसरी पेटी मांडायला जागा नसेल. चाळीस लिटरचा प्लॅस्टिकचा स्वच्छ डबा, एक लहान गाळणी, हीटर आणि लपण्यासाठी पाइपाचा तुकडा एवढ्यावर काम भागते.

रोजच्या व्यवहारात दोन वेगळी पाणी जवळ लागतात. बाष्पीभवनाने उडते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते. त्यामुळे रोजची तूट गोड्या आरओ पाण्याने भरावी. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला दहा टक्के म्हणजे सुमारे पंचवीस लिटर पाणी काढून तेवढेच नव्याने कालवलेले खारे पाणी घालावे, त्याला किलोभर मीठ पुरते. बंगळूरुच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा चालू असताना ही तूट वाढते, म्हणून क्षारता मोजणे तेव्हा चुकवू नये.

काढलेले खारे पाणी कुंड्यांत किंवा बागेत ओतू नये, मोरीवाटे सोडावे. छंद आवरता घ्यावा लागला, तर मासे दुसऱ्या छंदिष्टाकडे किंवा घेण्यास तयार असलेल्या दुकानदाराकडे द्यावेत. जवळच १८८२ मध्ये बांधलेला सँकी तलाव आहे. तो गोड्या पाण्याचा आहे आणि त्यात सोडलेला समुद्रातील मासा दिवसभरही जगत नाही.